खेळाडू चार वर्षं, प्रशिक्षक अडतीस वर्षं

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या टेनिसबद्दल वाचकांनी विचारलेले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : डिक गूल्ड यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पुरुष संघ अडतीस वर्षं सांभाळला, असं वाचलं. अशा नामवंत ठिकाणी खेळाडू मुळातच तयार येत असणार. मग प्रशिक्षकाचं कर्तृत्व नेमकं कशात?

गूल्ड १९६६ मध्ये रुजू झाले आणि २००४ पर्यंत प्रशिक्षक होते. त्यांच्या काळात स्टॅनफर्डने १७ वेळा राष्ट्रीय सांघिक विजेतेपद मिळवलं. त्यातलं पहिलं १९७३ मध्ये आलं, म्हणजे सात वर्षं थांबल्यावर.

खेळाडू तयार येतात हे खरं आहे, पण ते जातातही. विद्यार्थ्याला खेळायला चारच हंगाम मिळतात, म्हणून दरवर्षी साधारण पाव संघ पदवी घेऊन बाहेर पडतो. सगळ्यांत चांगले खेळाडू तर चार वर्षंही थांबत नाहीत. जॉन मॅकेन्रो एकच वर्ष खेळला, १९७८ चं एकेरीचं विजेतेपद घेतलं आणि व्यावसायिक झाला. त्या वर्षी संघही जिंकला होता, पण १९७९ मध्ये विजेतेपद हुकलं. १९८० मध्ये ते परत आलं. बॉब आणि माइक ब्रायन हे जुळे भाऊ दोन वर्षं राहिले. १९९८ च्या त्यांच्या शेवटच्या हंगामात संघ एकही लढत हरला नाही. पुढचं वर्ष कोरडं गेलं आणि २००० मध्ये विजेतेपद पुन्हा स्टॅनफर्डकडे आलं. आमच्या मते गूल्ड यांची खरी थोरवी १९८० आणि २००० या दोन वर्षांत दिसते. हुकमाचा एक्का हातातून गेल्यावर दोन वर्षांत संघ पुन्हा उभा करणं फार थोड्यांना जमतं.

हे साधतं ते एका साध्या तक्त्यावर. आडव्या रांगेत पुढची चार वर्षं आणि प्रत्येक वर्षाखाली त्या वर्षी पदवी घेणाऱ्यांची नावं. आठ ते दहा जणांच्या संघात एका वर्षाखाली तीनपेक्षा जास्त नावं येऊ द्यायची नाहीत. नवे प्रशिक्षक हमखास चुकतात ते इथे. एकाच वर्षी पाच गुणी मुलं मिळाली की मोह आवरत नाही. तीन वर्षं संघ चढत जातो आणि चौथ्या वर्षाच्या शेवटी पाचही जण एकदम निघून जातात. मागे उरतात ती त्यांच्यामुळे कधीच पुरेशा लढती न खेळलेली मुलं.

आणि नवा खेळाडू ऐन वेळी आणता येत नाही. पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन, म्हणजे विद्यापीठांच्या खेळांतला सगळ्यांत वरचा गट) विद्यापीठाला विद्यार्थ्याशी संपर्क साधायची मुभा त्याची दहावी संपल्यावर १५ जूनपासून मिळते. विद्यापीठाच्या खर्चाने भेटीला बोलावता येतं ते त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून. म्हणजे प्रत्यक्ष प्रवेशाच्या दोन वर्षं आधी बोलणी सुरू होतात. प्रशिक्षक आजचा सामना खेळवत असतो आणि त्याच आठवड्यात परवाच्या वर्षाचा संघ जमवत असतो.

प्रश्न : एका लढतीत दुहेरीचे तीन सामने होतात, पण त्यांचा मिळून एकच गुण मिळतो. तरीही प्रशिक्षक दुहेरीवर इतका वेळ का घालवतात?

आधी गणित पाहू. लढतीत एकूण सात गुण असतात : एकेरीच्या सहा सामन्यांचे सहा आणि दुहेरीचा एक. जो चार गुण आधी मिळवेल तो जिंकला. दुहेरी आधी खेळली जाते आणि तीनपैकी दोन कोर्ट जिंकणाऱ्याला तो गुण मिळतो. तो मिळाला की एकेरीत सहापैकी तीन सामने पुरतात, न मिळाला तर चार लागतात. तुल्यबळ संघांत अर्धे सामने जिंकणं आणि अर्ध्याहून जास्त जिंकणं यांत फार मोठं अंतर आहे.

त्यात दुहेरीचा सामना एकाच सेटचा असतो. सहा गेम जिंकायचे, ६-६ झालं तर टायब्रेक. ड्यूसला ॲडव्हान्टेज नाही, ४०-४० ला पुढचा एकच पॉइंट गेम ठरवतो. अशा सेटमध्ये एक सर्व्हिस गमावली तर ती भरून काढायला वेळच उरत नाही. पहिले दोन गेम चाचपडत घालवणाऱ्या जोडीचा सेट तिथेच जातो. म्हणून वॉर्मअप घाम येईपर्यंत झाला पाहिजे आणि त्यात शेवटची पाच मिनिटं फक्त सर्व्हिस आणि रिटर्न हवेत.

सरावात तीन गोष्टी रोज हव्यात. पहिली, पहिली सर्व्हिस आत. पूर्ण ताकद नको, तीन-चतुर्थांश वेग आणि भरपूर फिरकी, रोख समोरच्याच्या अंगावर. दुसरी सर्व्हिस टाकायची वेळ आली की नेटजवळचा भागीदार हलायला घाबरतो आणि निम्मा खेळ तिथेच संपतो. दुसरी, रिटर्न खाली. सर्व्हिस करून पुढे धावणाऱ्याच्या पायांशी चेंडू पडला पाहिजे. जोरात पण नेटपासून हातभर वर गेलेला रिटर्न म्हणजे व्हॉलीचं, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारायच्या फटक्याचं आयतं ताट. तिसरी, समोरून येणारा रिटर्न मध्येच गाठायला नेटवरच्या खेळाडूने आडवं कापत जाणं. इथे वेळ चुकते. समोरच्याचं डोकं वर असताना हललात तर तो तुमच्या मागच्या रिकाम्या पट्टीत मारतो. तो रॅकेट पुढे आणून नजर चेंडूवर रोवतो, तेव्हा निघायचं.

निर्णायक पॉइंटचा सराव वेगळा करावा लागतो. प्रत्येक गेम ४०-४० पासून सुरू करा, असे बारा गेम खेळा आणि सर्व्हिस आळीपाळीने द्या. कोणत्या बाजूला रिटर्न घ्यायचा हे या पॉइंटला घेणारी जोडी ठरवते. ते लढतीच्या आदल्या दिवशीच ठरलेलं असावं. कोर्टवर उभं राहून एकमेकांकडे पाहणाऱ्या जोडीचा रिटर्न बहुतेक वेळा नेटमध्येच जातो.

प्रश्न : सगळ्यांत चांगल्या खेळाडूला सहाव्या क्रमांकावर उतरवून एक गुण खात्रीचा का करत नाहीत?

नियमाने मनाई आहे. एकेरीत आणि दुहेरीतही खेळाडू ताकदीच्या क्रमानेच लावावे लागतात. क्रम बनावट वाटला तर समोरचा प्रशिक्षक हरकत घेऊ शकतो आणि मग आपापसांतल्या सामन्यांचे निकाल दाखवावे लागतात. म्हणूनच शरद ऋतूत संघातल्या संघात झालेल्या प्रत्येक सामन्याचा निकाल तारखेसह लिहून ठेवायचा असतो. ही वही नसेल तर नियमापेक्षाही मोठा घोळ होतो. चौथ्या क्रमांकाचा मुलगा विचारतो, मी तिसरा का नाही? मग प्रशिक्षकाकडे फक्त मत उरतं, पुरावा नसतो. संघ फुटायची सुरुवात अशा वेळी होते.

तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू दुखावला की चौथा, पाचवा, सहावा प्रत्येकी एक पायरी वर सरकतात आणि सातवा आत येतो. एका दुखापतीने चार कोर्टांवरचं गणित बदलतं. त्यामुळे सातव्याला आठवड्यात एक तरी गुण मोजून खेळलेला पूर्ण सामना मिळालाच पाहिजे, केवळ सराव पुरत नाही.

प्रश्न : सहा एकेरी एकाच वेळी सुरू असतात. प्रशिक्षक कुणाकडे पाहतो?

विद्यापीठांच्या टेनिसमध्ये प्रशिक्षकाला लढत चालू असताना कोर्टवर जाऊन बोलता येतं, ही मोठी सवलत आहे. ती वाया जाते ती पहिल्या क्रमांकाच्या कोर्टवर ठाण मांडून बसल्यामुळे. प्रशिक्षकाने जिथे ३-३ किंवा ४-४ चाललंय तिथे उभं राहावं. ५-१ पुढे असलेल्याला मदत नको असते. १-५ मागे असलेल्याला त्या सेटमध्ये फारशी करता येत नाही, त्याच्याशी सेट संपल्यावर बोलावं. सहाय्यकाशी कोर्टांची वाटणी आधी करावी, नाहीतर एकाच मुलाला दोघांकडून दोन उलट सूचना मिळतात.

सूचना एकच द्यावी आणि ती जागेची असावी : 'दुसऱ्या सर्व्हिसवर त्याच्या बॅकहँडला उंच'. मनगट, पकड, खांदा यांबद्दल सामन्यात बोलणं म्हणजे मुलाचं लक्ष चेंडूवरून काढून स्वतःच्या हातावर नेणं. ती दुरुस्ती मंगळवारच्या सरावात करायची.

प्रश्न : आठवड्याला वीसच तास सराव करू देतात म्हणे. एवढ्यात होतं का?

होतं, पण मिनिटं मोजून. हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला जास्तीत जास्त ४ तास आणि एक दिवस पूर्ण सुट्टी, असा नियम आहे. लढत कितीही लांबली तरी ती ३ तासांचीच धरतात. शुक्रवारी आणि रविवारी लढती असल्या तर ६ तास गेले, उरले १४. सोमवारी सुट्टी. मंगळवारी आणि बुधवारी ३-३ तास कोर्टवर आणि वर एकेक तास व्यायाम. गुरुवारी अडीच तास कोर्ट आणि एक तास हलका व्यायाम, जड वजनं नकोत, कारण दुसऱ्या दिवशी पाय जड होतात. शनिवारी दीड तास कोर्ट आणि एक तास चित्रफीत पाहणं. झाले १४.

सगळ्यांत जास्त वेळ वाया जातो टोपलीतून चेंडू टाकून एकाच्या मागे एक रांगेत मारायला लावण्यात. सहा जणांच्या रांगेत प्रत्येक जण एका तासातली पन्नास मिनिटं उभा असतो. एका कोर्टवर दोघे किंवा तिघेच असावेत. मंगळवारी फटक्यांची दुरुस्ती, बुधवारी गुण मोजून खेळ, गुरुवारी फक्त सर्व्हिस, रिटर्न आणि दुहेरी, असा क्रम चांगला चालतो.

पॉलिएस्टरच्या तारांबद्दलही विचारलं आहे. त्या तुटण्याची वाट पाहू नये. त्या बऱ्याच आधी निर्जीव होतात. मग मुलगा तोच वेग काढायला खांदा आणि कोपर जास्त राबवतो आणि महिन्याभराने दुखण्याची तक्रार घेऊन येतो. रोज खेळणाऱ्याने दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर त्या बदलून घ्याव्यात.

प्रश्न : मुलाला टेनिसच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत पाठवायचा विचार आहे. प्रशिक्षकाला काय विचारावं?

आधी मागची पद्धत समजून घ्या. २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या देता येत होत्या आणि महिला संघाला आठ. विद्यापीठात स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदा १९७२ चा. त्यामुळे दोघांच्या शिष्यवृत्त्यांचा मेळ घालावा लागे. अमेरिकन फुटबॉलच्या एकाच संघाला ८५ शिष्यवृत्त्या जात, म्हणून पुरुषांच्या बाकीच्या खेळांना कात्री लागली. साडेचारची वाटणी आठ जणांत साधारण अशी होई : एकाला पूर्ण, दोघांना पाऊण, तिघांना अर्धी, दोघांना पाव. महिलांच्या आठ मात्र आठ जणींनाच, तुकडे पाडून दिल्या तरी प्रत्येकी एक मोजली जाई.

२०२५-२६ पासून, खेळाडूंच्या खटल्यातल्या तडजोडीतून आलेली नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघातल्या खेळाडूंची संख्याच दहावर बांधली गेली. याचा अर्थ दहाही जणांना पूर्ण पैसे मिळतात असा मुळीच नाही. किती द्यायचे हे विद्यापीठ आपल्या तिजोरीप्रमाणे ठरवतं. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या विद्यापीठांचा गट) आणि तिसऱ्या श्रेणीची महाविद्यालयं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, तिथे मदत मिळते ती गरज पाहून, आणि तिसऱ्या श्रेणीत काही ठिकाणी अभ्यासातल्या गुणांवरही.

तेव्हा हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या : टक्केवारी किती, आणि ती शिकवणी शुल्कावर की राहण्या-जेवणासकट सगळ्या खर्चावर? एका वर्षासाठी की चारही? दुखापत झाली तर पुढच्या वर्षी ती राहते का? सध्याच्या संघातले कोण कोणत्या वर्षी बाहेर पडणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर क्षणात देणारा प्रशिक्षक तक्ता ठेवणारा असतो. गेल्या चार वर्षांत घेतलेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन गेले आणि किती मध्येच दुसऱ्या विद्यापीठात गेले, हेही विचारा. जिंकलेल्या लढतींच्या आकड्यापेक्षा हा आकडा तुमच्या मुलाबद्दल जास्त सांगतो.

प्रश्न : असा प्रशिक्षक निवृत्त झाल्यावर संघाचं काय होतं?

वारस बाहेरून आणला तर बहुधा दोन-तीन वर्षं चाचपडण्यात जातात, कारण जुन्या प्रशिक्षकाच्या शब्दावर आलेली मुलं त्याच्याबरोबर मनाने निघून गेलेली असतात. स्टॅनफर्डमध्ये गूल्ड यांच्यानंतर जॉन व्हिटलिंगर आले. ते १९७४ चे एकेरीचे विजेते, गूल्ड यांचेच खेळाडू आणि नंतर बरीच वर्षं त्यांचे सहाय्यक. जॉर्जिया विद्यापीठात डॅन मॅगिल यांनी १९५५ ते १९८८ संघ सांभाळला आणि १९८५ व १९८७ ची विजेतेपदं मिळवली. त्यांच्या जागी आले मॅन्युएल डियाझ, तेही मॅगिल यांच्याच हाताखाली खेळलेले. त्यांनी १९९९, २००१, २००७ आणि २००८ अशी चार विजेतेपदं जिंकली आणि २०२४ पर्यंत ते त्याच कोर्टांवर होते. जवळजवळ सत्तर वर्षांत जॉर्जियाच्या पुरुष संघाला प्रशिक्षक मिळाले दोनच.