नाशिकच्या आसपास सरकारी जमिनीवर ऑफरोडिंगसाठी (पक्का रस्ता सोडून खडकाळ, चिखलाच्या वाटांवर गाडी चालवण्यासाठी) गाडी नेता येते का, आणि आपण हक्कासाठी संघटित का होत नाही?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, आपण नुकतीच फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी) गाडी घेतली असून नाशिकभोवतीची गायराने, धरणांच्या फुगवट्याचे काठ आणि डोंगरउतार ही जमीन "सरकारी म्हणजे सर्वांचीच" असताना तेथे जाण्यास परवानगी का लागावी, आणि अमेरिकेतल्याप्रमाणे येथील ऑफरोडिंग करणारे लोक एकत्र येऊन आपला हक्क का मागत नाहीत. माझी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, गावोगाव मोजणी करण्यात गेली, आणि सुट्टीच्या दिवशी मी अजूनही जुनी जीप चालवतो. त्यामुळे "सर्वांचीच" हा शब्द वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार खाजगी मालकीचे नसलेले रस्ते, नदीनाले आणि पडीक जमिनी राज्य शासनाच्या मालकीच्या आहेत, हे खरे. मात्र त्यापुढचे कलम 22 कोणी वाचत नाही. त्या कलमाने जमीन विशिष्ट कामासाठी, उदाहरणार्थ गावच्या गुरांच्या चराईसाठी, नेमून देता येते आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही. गायरान म्हणजे अशी नेमून दिलेली जमीन होय. ती रिकामी दिसते, कारण गवताला रिकामेच राहावे लागते. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरल्यावर उघडा पडणारा सपाट तळही मोकळे मैदान नसतो. तो जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतो आणि त्यातील बराच भाग गाळपेरासाठी, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेण्यासाठी, शेतकऱ्यांना दिला जातो. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे आणि तेथे चाके किती आहेत याने काही फरक पडत नाही. एवढे कायद्याचे उत्तर पुरे आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका गावात, ज्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, गावठाणापासून गायरानातून डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यापर्यंत एक जुनी गाडीवाट जाते. गावनकाशावर ती तुटक रेषांनी स्पष्ट दाखवलेली आहे आणि तिची नक्कल माझ्याकडे होती. आमच्या गटाला ती वाट फार आवडे, कारण तिच्यात दगडी चढ, ओहोळ आणि चिकण मातीचा एक लांब उतार असे सर्व काही थोड्या अंतरात मिळते. एका पावसाळ्यात आम्ही तेथे गेलो तेव्हा गावाने वाटेवर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातलेले दिसले. आमच्या गटातील एक सदस्य, जो पेशाने वकील आहे आणि माझा जुना मित्रही, गाडीतून उतरला आणि काटे ओढू लागला. त्याचे म्हणणे असे होते की नकाशावर सार्वजनिक वाट असल्यावर विचारायचे कोणाला, आणि अर्ज केला म्हणजे आपल्याला हक्क नाही हे आपणच लेखी कबूल केले. मी त्याला थांबवले आणि गाड्या वळवून गावात आणल्या, ही गोष्ट त्याने आजतागायत विसरलेली नाही.

सरपंचांनी आम्हाला ग्रामसभेला बोलावले. तेथे कोणी आरडाओरडा केला नाही. वाट सार्वजनिक आहे हे त्यांनीही मान्य केले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तिच्यावर जड गाड्या नकोत. एक वृद्ध बाई उठून मला म्हणाल्या, "साहेब, तुम्ही रविवारी येता आन् जाता. तुमची चाकोरी बुजवायला कोण येतं? पाणी तिच्यातूनच उतरतं आन् माझा बांध फोडतं." हे मी मोजणीदार म्हणून पडताळून पाहिले. मड टेरेन टायरची (चिखलासाठीच्या खोल खाचांच्या टायरची) गाडी ओल्या उतारावर लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग आणि जास्त ओढ देणाऱ्या गिअरमध्ये, चढवली की तिची चाके दोन खोल चर पाडतात. त्यापूर्वी सगळ्या उतारावर पसरून वाहणारे पाणी त्या चरांतून एकवटून खाली येते आणि जेथे चर संपतो तेथे नेमके कोणाचे तरी भातखाचर किंवा नागलीचे शेत असते. त्या उतारावर चर जेथे संपत होता तेथे बाईंचाच बांध होता आणि तो दोन ठिकाणी फुटलेला होता.

पुढे बरीच चर्चा होऊन एक समझोता झाला आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवला गेला. पहिल्या पावसापासून भाताची सोंगणी होईपर्यंत एकही गाडी न्यायची नाही, ओहोळ एकाच दगडी उतारावरून ओलांडायचा, वाट सोडून गायरानात चाक घालायचे नाही, गावातील एक माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यायचा आणि ग्रामपंचायतीत पावती फाडायची, असे आम्ही मान्य केले. बदल्यात त्यांनी काटे काढले. आम्ही हिवाळ्यात जाऊन त्या उतारावर मुरूम टाकला, चाकोऱ्या बुजवल्या आणि पाणी बाजूला काढण्यासाठी तिरपे चर खणले. गावाचा ट्रॅक्टर ओढ्यात रुतला तेव्हा टोचन लावून काढायला आमच्याच गाड्यांची विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) उपयोगी पडली, आणि त्यानंतर पाड्यावरची मुले आमच्या गाड्या ओळखू लागली. परवानगी मिळवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

ही व्यवस्था नीट चालली असताना माझ्या वकील मित्राने त्या वाटेचा मोबाईलवर नोंदवलेला माग बाहेरगावच्या एका गटाला पाठवला. "वाट सार्वजनिक आहे, मग माहितीही सार्वजनिक असावी" हा त्याचा युक्तिवाद. ते लोक श्रावणात आले, उतार ओला म्हणून वाट सोडून गायरानातून चढले आणि त्यांतील एक गाडी घसरून थेट खाचरात उतरली. गावाने या वेळी काटे लावले नाहीत. दुचाकी आणि गुरे जातील एवढीच फट ठेवून मोठे दगड आणून टाकले. गावाला स्वतःची गरज पडली की गावकरी ते बाजूला करतात.

मित्राचा आग्रह होता की मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करावा आणि नकाशाच्या आधारे मी जबाब द्यावा. मी नकार दिला. तो कायदा शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्याची अडवलेली वाट मोकळी करून देण्यासाठी आहे. नाशिक शहरातल्या कॉलेज रोडवर राहणाऱ्याची रविवारची हौस भागवण्यासाठी तो केलेला नाही. शिवाय असा दावा अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि ते सहा महिने मी जाणूनबुजून जाऊ दिले. त्याने मला गटात फितूर म्हटले. मला आजही वाटते की त्या दिवशी आमच्या बाजूने कोणी खरी वकिली केली असेल, तर ती दावा न करण्यानेच झाली.

आपण अमेरिकेचे उदाहरण दिले आहे, म्हणून तेथील गोष्टही पूर्ण सांगतो. तेथे एकट्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या संघराज्याच्या खात्याकडे सुमारे 24.5 कोटी एकर जमीन आहे, आणि आपल्या गायरानासारखा तिच्यावर प्रत्येक गावाच्या गुरांचा भार नाही. तरीही "कोठेही जा" हा प्रकार तेथेसुद्धा टिकला नाही. 1972 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी 11644 क्रमांकाचा आदेश काढून अशा गाड्यांसाठी कोणती जमीन खुली आणि कोणती बंद हे ठरवण्यास संघराज्याच्या खात्यांना सांगितले. 1977 मध्ये कार्टर यांनी तो अधिक कडक केला. आणि 2005 च्या नियमाने तेथील वनसेवेने, म्हणजे राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या खात्याने, प्रत्येक राष्ट्रीय वनाचा नकाशा प्रसिद्ध करून त्यावर दाखवलेले मार्ग सोडून इतरत्र गाडी नेण्यास मनाई केली. 1987 मध्ये आयडाहोत स्थापन झालेली ब्लूरिबन कोएलिशन ही संघटना आजही भांडते, ते मार्ग नकाशावर राहावेत म्हणून. 2023 मध्ये युटा राज्यातील मोअॅबजवळील 317 मैलांचे मार्ग बंद केले गेले तेव्हा ती न्यायालयात गेली. म्हणजे तेथील चळवळीचा दावा जमिनीवर नसून एकेका रेषेवर आहे. कॅलिफोर्नियात तर 1971 पासून अशा गाड्यांच्या नोंदणीशुल्कातून आणि इंधनकरातून या मार्गांची देखभाल होते. आपल्याकडे संघटना काढण्याचा उत्साह आहे, पण वर्गणीतून मुरूम टाकण्याचा विषय निघाला की बैठक संपते.

ज्या नाशिकमध्ये महिंद्राची थार ही फोर बाय फोर गाडी तयार होते तेथे ती चालवायला वैध जागाच नाही, ही तक्रार मलाही अर्धी पटते. इगतपुरी परिसरात महिंद्राची ऑफरोड प्रशिक्षण अकादमी आहे, तेथे शिकून घ्यावे. रॅलीसारखी शर्यत मात्र वेगळी गोष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 189 नुसार सार्वजनिक ठिकाणी वेगाची चाचणी घेण्यास राज्य शासनाची लेखी संमती लागते आणि ती गटाच्या रविवारच्या फेरीला मिळत नसते.

आपल्याला खरोखर वाट हवी असेल तर प्रथम त्या गावाचा नकाशा आणि गाव नमुना 1-अ व 1-ब पाहावेत. 1-अ मध्ये वनजमिनींची आणि 1-ब मध्ये शासकीय जमिनींची नोंद असते. वनाची नोंद निघाली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा आणि नकार आल्यास तो विषय सोडून द्यावा. अंजनेरीचे पठार, जेथे गिधाडे घरटी करतात आणि जगात इतरत्र न आढळणारी कंदीलपुष्पाची जात उगवते, 2008 मध्ये राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र ठरलेले बोरगड आणि येवल्यातील काळविटांचे ममदापूर, या तीन ठिकाणांचा अर्जसुद्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गायरान असेल तर आधी ग्रामसभा आणि मग तहसीलदार, हा क्रम मी सुचवेन, जरी कायद्याच्या दृष्टीने तो उलट लिहिला जाऊ शकतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. पेठ, सुरगाणा हे तालुके आणि त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी येथील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथे पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याने) ग्रामसभेचे अधिकार अधिक आहेत. सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या गावांत तर वनाबाबतही तिला विचारावे लागते. पाणंद रस्ताही कायद्याने सार्वजनिक ठिकाणच असतो, म्हणून नोंदणी आणि तृतीय पक्ष विमा नसलेली गाडी ट्रेलरवरून नेऊन तेथे उतरवू नये. शिवाय मी वर वर्णन केलेला समझोता एका गावापुरता होता. शेजारच्या गावात त्याच अटींवर आम्हाला सरळ नकार मिळाला, आणि तो आम्ही मानला.

माझा वकील मित्र ही उत्तरे वाचतो, हे मला ठाऊक आहे. कलम 5 चा अर्थ मी चुकीचा लावला असे त्याला वाटत असेल, तर त्याने खाली स्वतंत्र उत्तर लिहावे आणि त्यात बाईंच्या बांधाचेही काय करायचे ते लिहावे.