शेतावरच्या बंद घरात बंदूक ठेवावी का?

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं मूळ गाव रावेर तालुक्यात. पालच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीचं शेत आहे, तिथेच दोन खोल्यांचं फार्महाऊस बांधलंय. आम्ही जळगावला फ्लॅटमध्ये राहतो, शेतावर मुक्काम म्हणजे हिवाळ्यात भरीत पार्टीला, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि मुलांच्या सुट्टीत चार-आठ दिवस, बाकी वर्षभर कुलूप. माझ्या नावावर बारा बोअरची डबल बार (दोन नळ्यांची बंदूक) आहे, लायसन्स चालू आहे. मुलं आता ९ आणि १३ वर्षांची झाली म्हणून मिसेसचं म्हणणं की बंदूक घरात नको, शेतावरच्या लोखंडी कपाटात ठेवा, तसंही बंदुकीचं काम तिकडेच, रानडुकरं येतात, बिबट्याचीही चर्चा असते. सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) विश्वासाचा आहे, दिवसभर शेतात असतो पण रात्री गावात झोपतो. चावी त्याच्याकडे ठेवली तर चालेल का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, आधी सरळ सांगते, नका ठेवू. आणि सालदाराकडे चावी तर अजिबात नको, त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही तर त्याच्याच भल्यासाठी, ते पुढे सांगते.

माझ्या काकांचं असंच झालं होतं. चोपड्याकडचं शेत, आजोबांच्या वेळची सिंगल बार काकांनी रीतसर आपल्या नावावर करून घेतलेली, आणि ती शेतावरच्या खोलीत लाकडी पेटीत गोधड्यांच्या मधे ठेवलेली असायची. संक्रांतीला काढून पुसली, तेल लावलं, परत ठेवली. मग आखाजीला सगळे शेतावर गेलो. दाराचं कुलूप जसंच्या तसं, पेटीचं कुलूपही जागेवर, फक्त मागच्या बाजूचा एक पत्रा किंचित उचललेला आणि पेटीच्या बिजागऱ्या मागून काढून परत बसवलेल्या. काकांनी वरची गोधडी उचलली तर खालच्या गोधडीवर नळीच्या तेलाचा लांबच लांब पिवळा डाग, बाकी काही नाही. काडतुसांचा डबाही गेलेला. काकू तो डाग बघत तशीच उभी राहिली, स्वयंपाक कुणाला सुचला नाही त्या दिवशी.

ठाण्यात पहिला प्रश्न काय आला माहितीये? शेवटची कधी पाहिली होती? काका म्हणाले संक्रांतीला. म्हणजे साडेतीन महिन्यांत ती कधी गेली हेच आम्हाला सांगता येईना. बंद घराची खरी अडचण ही आहे भाऊ. कुलूप काय करतं, तर चोराचा वेळ खातं, आणि तेवढ्यात कुणीतरी जागं होईल, कुत्रं भुंकेल, शेजारी येईल म्हणून तो पळतो. पण जिथे रात्रभर कुणीच नसतं तिथे त्याच्याकडे वेळच वेळ आहे, वर पहार, टिकाव, घण सगळं तुमच्याच शेडमध्ये पडलेलं. आपल्याकडे रात्रीतून विहिरीवरची केबल कापून नेतात, मोटार नेतात, ठिबकच्या नळ्या गुंडाळून नेतात, त्यांच्यासाठी कपाटाचं दार काय अवघड. आणि बंदूक गेली तर ती केबलसारखी भंगारात जात नाही, ती कुणाच्या तरी हातात जाते.

आता सालदाराचं. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, त्यात परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या किंवा शेताच्या नाही. चावी त्याच्याकडे म्हणजे तुमच्या मागे बंदूक त्याच्या ताब्यात, आणि त्याचं नाव रिटेनर म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने शस्त्र बाळगणारा म्हणून, लायसन्सवर नसेल तर तो विनापरवाना हत्यार बाळगणारा ठरू शकतो. आमच्या काकांच्या सालदाराकडे तर चावीही नव्हती, तरी त्याला तीनदा बोलावलं. प्रत्येक वेळी तो तेच म्हणायचा, मले काय मालूम नाना. काकांचा त्याच्यावर काडीचाही संशय नव्हता पण गावात कुजबुज झालीच आणि पुढच्या आखाजीला त्याने साल धरलं नाही, दुसरीकडे गेला. काकांना बंदुकीपेक्षा ते जास्त लागलं. त्यांचं स्वतःचं लायसन्सही निलंबित झालं, कारण शस्त्र सुरक्षित ठेवायची हमी आपण लिहून दिलेली असते, आणि परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

काही जण सुचवतील की बंदूक सुटी करा, दस्ता घरी आणा आणि नळी शेतावर राहू द्या. त्याने कायद्यातून सुटका नाही, कारण अग्निशस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात. लायसन्सवर पत्ता जळगावचा आणि हत्यार कायमचं रावेरला, हेही विचारलं गेलं तर उत्तर देणं जड जाईल.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. पालचा भाग म्हणजे यावल अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जाताच येत नाही, आणि हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसन्सवाल्यांना वनखात्याकडे नावनोंदणी करावी लागते. तुमचं शेत नक्की किती अंतरावर आहे ते वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, अंदाजाने चालू नका. आणि रानडुकराचं म्हणाल तर ते केळीचं कितीही नुकसान करो, परवानगीशिवाय त्याला गोळी घालता येत नाही, बिबट्याला तर मुळीच नाही, म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही बंदूक तिकडे ठेवणार ते काम तिच्याने करताच येणार नाही. त्यापेक्षा कुंपणाच्या तारेला सोलरवरची झटका मशीन लावा आणि नुकसान झालं की पंचनामा करून वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा. मेन लाइनचा करंट मात्र तारेत सोडू नका, त्यात माणसं मेलीत.

वहिनींची भीती मला अगदी पटते, पण तिच्यावर उपाय शेत नाही. घरातच भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट, काडतुसं दुसऱ्या ठिकाणी वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही चाव्या तुमच्या खिशात. देव्हाऱ्यामागे नाही, पिठाच्या डब्यात नाही, मुलांना ते सगळं आपल्याआधी माहीत असतं. ठेवायच्या आधी दरवेळी बंदूक मोडून, म्हणजे नळ्या मागून उघडून, दोन्ही नळ्यांतून उजेड आरपार दिसतो का ते बघायचं. मोठ्या मुलाशी मोकळं बोला, तेरा वर्षांच्या पोराला नुसतं हात लावू नको म्हणून भागत नाही, का नाही ते सांगा.

आणि इतकं करूनही वहिनींना झोप लागणार नसेल तर बंदूक जमा करा. शस्त्रं ठेवून घ्यायचा परवाना असलेल्या डीलरकडे ठेवता येते, इलेक्शनमध्ये आपण ठाण्यात जमा करतो तशीच रीतसर पावती मिळते, ती पावती लायसन्सबरोबर जपून ठेवायची. वर्षानुवर्षं वापरच नसेल तर कलेक्टर ऑफिसला विचारून विकून टाकायचाही विचार करा, त्यात कमीपणा काही नाही. आणि भरीत पार्टीत पाहुण्यांना हौस म्हणून एक बार काढून दाखवायची पद्धत असेल तर ती आजच बंद करा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात केलेल्या निष्काळजी गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

बंदूक आत्ता शेतावर असेलच, आणि तुमच्या पत्राचा सूर बघून मला तसं वाटतंय, तर रविवारची वाट बघू नका. स्वतः जा, लायसन्स बरोबर घ्या, रिकामी करून कव्हरमध्ये घाला आणि सावदा-फैजपूर करत कुठे चहालाही न थांबता सरळ घरी या. घरी आल्यावर काडतुसं लायसन्सवरच्या खरेदीच्या नोंदीशी मोजून जुळवा, आणि एकही कमी निघालं तर त्याच दिवशी ठाण्यात जाऊन लेखी द्या.