मंत्र्यांचा पगार कोण ठरवतं? त्यांचा इन्कम टॅक्स सरकार भरतं हे खरं का?

मुख्यमंत्री परस्पर ठरवू शकत नाहीत. संविधानाच्या कलम 164(5) प्रमाणे राज्यातल्या मंत्र्यांचा पगार विधानमंडळाने कायदा करून ठरवायचा. आपल्या मध्य प्रदेशात त्यासाठी 1972 चा वेतन-भत्ता कायदा आहे. केंद्रातल्या मंत्र्यांसाठी 1952 चा वेगळा.

खरी गंमत टॅक्सची. इथे इंदूरला आमचे काका कारकुनी करून रिटायर झाले. फेब्रुवारीत टॅक्स कापलेली पगाराची स्लिप पोह्यांच्या बशीशेजारी ठेवून ते नुसते चष्मा पुसत बसायचे. मंत्र्यांचा टॅक्स मात्र मध्य प्रदेशच्या याच 1972 च्या कायद्यातल्या तरतुदीमुळे सरकारी तिजोरीतून जायचा! हे कळल्यावर काका म्हणाले, "म्हणजे त्यांचाही मीच भरत होतो की!" चूक काय त्यात?

25 जून 2024 ला मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की मंत्री आपला टॅक्स आपणच भरतील. उत्तर प्रदेशातही 1981 च्या कायद्यात अशीच सोय होती, ती 2019 मध्ये थांबवली.

आणि हो, नुसता मूळ पगार बघून "एवढाच?" म्हणू नका. भत्ते वाचा, बंगला-गाडी वेगळीच.