खासगी शाळा की सरकारी शाळा? आणि मूल वाढवण्यात समाजाचा वाटा किती?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, सरकारी शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, लांबची खासगी शाळा ओढाताण करून परवडेल, आणि मूल वाढवणे ही साऱ्या समाजाची जबाबदारी असते असे जे म्हटले जाते, त्याचा या निवडीशी काही संबंध आहे का. मी दोन्ही प्रकारच्या शाळांत अनेक वर्षे शिकवले आहे. संबंध आहे, आणि माझ्या मते निवड करताना सर्वांत आधी त्याचाच विचार करायला हवा.

खासगी शाळेतील मुलांचे गुण सरासरीने अधिक असतात, हे खरे आहे. परंतु त्या गुणांतील शाळेचा भाग किती आणि घराचा किती, हे वेगळे काढू लागल्यावर चित्र बदलते. पंधरा वर्षांच्या मुलांची अनेक देशांत घेतली जाणारी पिसा चाचणी पाहिली, तर कुटुंबांच्या आर्थिक व सामाजिक स्थितीतील फरक लक्षात घेतल्यानंतर खासगी शाळांची आघाडी बहुतेक ठिकाणी नाहीशी होते. घरची स्थिती अशी हिशेबातून वजा करण्यात काही त्रुटी राहतात, असा आक्षेप रास्त आहे; म्हणून आंध्र प्रदेशातील प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. तेथे कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी सरकारी शाळेतील मुलांना सोडतीने खासगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळण्याची व्यवस्था अभ्यासली. सोडतीमुळे दोन्ही गटांतील घरे सारखीच होती. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही, हिंदीत मात्र खासगी शाळेतील मुले स्पष्टपणे पुढे होती. त्याच वेळी हेही दिसले की खासगी शाळांचा दर विद्यार्थ्यामागील खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता आणि त्या शाळा तेलुगू व गणिताला वेळही कमी देत होत्या. म्हणजे हा निष्कर्ष कोणत्याही एका पक्षाच्या अभिमानाला पूरक नाही. शाळेच्या पाटीवर ‘खासगी’ लिहिले आहे की ‘सरकारी’, एवढ्यावरून तुमच्या मुलीविषयी फारच थोडे सांगता येते, एवढेच त्यातून निघते.

मग फरक कशाने पडतो? या बाबतीत अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या कामाइतके उपयुक्त मला दुसरे काही सापडलेले नाही. १९६६ साली त्यांच्या नेतृत्वाखाली सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि मुलांच्या प्रगतीतील तफावत इमारती व साधनांपेक्षा घर आणि सोबतचे विद्यार्थी यांच्याशी अधिक जोडलेली आहे, असे त्यातून पुढे आले. पुढे १९८०च्या दशकात त्यांनी दहावी ते बारावी या काळात शाळा सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण पाहिले. सरकारी शाळांत ते १४.४ टक्के होते, कॅथलिक शाळांत ३.४ टक्के आणि इतर खासगी शाळांत ११.९ टक्के. कुटुंबांच्या परिस्थितीतील फरक विचारात घेतल्यावरही हे चित्र फारसे बदलले नाही. हा तिसरा आकडा मी पालकांना नेहमी दाखवतो, कारण शुल्क आकारण्यानेच मुले टिकत असती तर इतर खासगी शाळा सरकारी शाळांच्या इतक्या जवळ राहिल्या नसत्या. कोलमन यांचे स्पष्टीकरण असे होते की कॅथलिक शाळांभोवतीची कुटुंबे शाळेबाहेरही एकमेकांना भेटत असत. मुलाच्या मित्राचे आईवडील हे मुलाच्या आईवडिलांच्याही ओळखीचे होते, त्यामुळे एखादे मूल भरकटू लागले तर ते कोणा ना कोणा मोठ्या माणसाच्या नजरेत येत असे. इतर खासगी शाळांतील पालक मात्र दूरदूरवरून आलेले आणि एकमेकांना अपरिचित होते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, याचे एक उदाहरण देतो. माझ्या वर्गात एक मुलगा पहिल्या बाकावर बसत असे. त्याला फळा स्पष्ट दिसत होता, वह्या नीटनेटक्या होत्या. त्याची दूरची नजर अधू आहे हे वर्गात कोणाच्याही लक्षात येण्यासारखे नव्हते. ते लक्षात आले त्याच्या मित्राच्या वडिलांच्या. शाळा सुटल्यावर ते दोन्ही मुलांना घरी नेत असत, आणि समोरून येणाऱ्या बसचा क्रमांक आपला मुलगा लगेच सांगतो, हा मात्र बस अगदी जवळ येईपर्यंत डोळे बारीक करून पाहत राहतो, हे त्यांनी दोनतीनदा पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकापाशी त्याच्या आईला ते सांगितले आणि महिन्याभरात मुलाला चष्मा लागला. या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे हे की दुसऱ्याच्या मुलातील उणीव त्याच्या आईला राग न येता सांगता येईल, इतकी त्या दोन घरांची ओळख होती. अशी ओळख कोणत्याही शाळेच्या माहितीपत्रकात छापलेली नसते.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला, त्यातूनही हेच समोर येते. गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजारपण अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार आणि मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात आईवडिलांखेरीज आजीआजोबा, शेजारी, शिक्षक असे भरवशाचे मोठे माणूस बहुधा होते.

म्हणून लांबच्या शाळेचा हिशेब करताना शुल्कापुरते थांबू नका. मुलगी रोज किती वेळ बसमध्ये घालवेल, तिच्या मैत्रिणी संध्याकाळी खेळायला येऊ शकतील इतक्या जवळ राहत असतील का, आणि शुल्क भरण्यासाठी तुम्हा दोघांना जादा काम करावे लागले तर तिच्याशी बोलायला घरी कोण असेल, हेही त्या शुल्काचेच भाग आहेत. याउलट जवळच्या शाळेत शिक्षक नियमितपणे येत नसतील, मुलांना मारले जात असेल किंवा तिसरीतील मुलांना साधे वाक्य वाचता येत नसेल, तर केवळ तत्त्वासाठी मुलीला तेथे ठेवावे असे मी म्हणणार नाही. समाज सुधारण्याची किंमत एका सहा वर्षांच्या मुलीकडून वसूल करणे योग्य नाही. तरीही अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेला मुद्दा मनात असू द्यावा: गुणवत्तेविषयी सर्वांत जागरूक असलेले पालकच सर्वांत आधी शाळा सोडून जातात आणि शाळेला जाब विचारणारा आवाजच त्यांच्यासोबत निघून जातो. शाळा जेमतेम बरी असेल आणि तुमच्यासारखी चारपाच घरे मिळून तेथे राहायला तयार असतील, तर तिच्यात बराच फरक पडू शकतो.

एकमेकांना ओळखणाऱ्या पालकांचा समूह नेहमी चांगलाच असतो, असे नाही. तोच समूह मुलांच्या गुणांची तुलना करतो, आणि वेगळ्या स्वभावाच्या मुलाला एकटेही पाडतो. त्यामुळे त्या पालकांचे आपसातले वागणे कसे आहे, हेही पाहायला हवे.

प्रवेश घेण्यापूर्वी दोन्ही शाळांत शाळा सुटण्याच्या वेळी जाऊन फाटकाबाहेर उभे राहा. पालक एकमेकांशी बोलतात की आपले मूल घेऊन निघून जातात, शिक्षक मुलांना नावाने हाक मारतात का, हे तेथे दिसते. दुसरी-तिसरीच्या वह्या पाहायला मागा. चुकीवर नुसती फुली आहे की पुढे दुरुस्ती करून घेतली आहे, यावरून शिकवण्याचा कस कळतो. किती शिक्षक पाच वर्षांहून अधिक काळ तेथे आहेत, हे विचारा. आणि मुख्याध्यापकांना एक प्रश्न आवर्जून करा: मूल तीन दिवस न कळवता गैरहजर राहिले तर घरी चौकशी कोण करते? ज्या शाळेत याचे उत्तर एखाद्या माणसाचे नाव घेऊन दिले जाईल, ती सरकारी असो वा खासगी, मी तिला पसंती देईन. प्रवेश झाल्यावर पहिल्याच महिन्यात मुलीच्या वर्गातील दोनतीन घरांशी स्वतःहून ओळख करून घ्या आणि त्यांच्या मुलांची नावे लक्षात ठेवा.