एक राउटर बंद पडला की दुसऱ्यानं आपोआप धरावं, कसं करायचं?

प्रश्न : लातूरला मार्केट यार्डात आमची आडत हाय. दोन कंपन्यांचं फायबर अन् दोन राउटर घेतलेत, पण एक बंद पडला की प्रत्येक कॉम्प्युटरवर गेटवे (नेटला जायचा राउटरचा पत्ता) हातानं बदलावा लागतोय. ऐन सौद्याच्या टायमाला लई वांधे होतात. काय करावं?

उत्तर : दादा, दोन्ही राउटरमध्ये व्हीआरआरपी (एक राउटर पडला की दुसऱ्यानं आपोआप ताबा घ्यायची सोय) आहे का ते आधी बघा. त्यात दोघांचा मिळून एक सामायिक आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) असतो, समजा राउटरच्या पत्त्यांचा शेवटचा आकडा १ अन् २ असला तर ह्याचा २५४, आणि कॉम्प्युटरला गेटवे म्हणून तोच द्यायचा, मग परत हात लावायला नको. मुख्य राउटरची प्रायॉरिटी १५०, दुसऱ्याची १०० ठेवा, ज्याचा आकडा जास्त तो पुढं. मुख्यवाला दर सेकंदाला हजेरी देतो, ती साधारण ३-४ सेकंद आली नाही की दुसरा ताबा घेतो.

पण खरी गोम पुढं आहे. जेसीबीनं रस्त्यात फायबर तोडली अन् राउटर मात्र चालूच, तर तो हजेरी देतच राहतो आणि तुमचं नेट बंद! म्हणून ट्रॅकिंग लावाच, बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग (जोडणी तपासायचा छोटा संदेश) जाईना झालं की प्रायॉरिटी ६०नं उतरली पाहिजे, म्हणजे ९० होऊन दुसरा पुढं येतो. आणि दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर ठेवू नका, तो यूपीएस बंद पडला की दोन्ही सोबतच जातील.