पावडर ब्लू टँग घ्यायच्या आधी

आकाशी अंग, काळं तोंड, गळ्याशी पांढरा पट्टा आणि पाठीवर पिवळा पर, ही पावडर ब्लू टँग या समुद्री माशाची खूण. शेपटीच्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी धारदार काटा असतो. तो जाळीत अडकतो, म्हणून मासा डब्यानेच काढा. पूर्व आफ्रिकेपासून लक्षद्वीप, अंदमानापर्यंत हा आपल्याच महासागरातला; पण खाऱ्या पाण्याचा पहिलाच टँक असेल तर थांबा.

चार फुटी टँक पुरत नाही; सहा फुटी, 500 लिटरच्या वरचा घ्या. खरी अडचण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची, याला तो फार पटकन होतो. आधी 4 ते 6 आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. तांब्याचं औषध तिथंच वापरा. मोठ्या टँकमध्ये त्यानं प्रवाळ, कोळंबी मरतात. रोज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) क्लिपला लावा, नुसत्या खाद्याच्या गोळ्यांवर मासा खंगतो. मोठ्या टँकमध्ये सगळ्यात शेवटी सोडा, नाहीतर नवीन माशाला हाणतो.

पाणी आरओचंच, त्यात समुद्री मीठ घालून घनता 1.025, तापमान 25-26 अंश. बेळगावच्या थंडीत हीटर हवाच. पावसाळ्यात खानापूरकडे लाईट गेली की पंप बंद, मग ऑक्सिजन घटतो. बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या, मासा नंतर.