मायएसक्यूएलच्या टेबलमधले निम्मे रेकॉर्ड डिलीट केले, तरी डिस्कवरची फाइल तेवढीच का?

इंजिन (डेटा डिस्कवर ठेवणारा-वाचणारा भाग) इनोडीबी आहे असं धरून सांगतो, मायएसक्यूएल ५.५ पासून डिफॉल्ट तेच आहे.

इनोडीबी डिस्कवर एकेक रेकॉर्ड लिहीत-वाचत नाही, त्याचा सगळा व्यवहार पेजमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांमध्ये चालतो. एक पेज १६ केबीचं, आणि सलग ६४ पेजेसचा १ एमबीचा एक एक्स्टेंट. तुम्ही जिची साइज बघताय ती डॉट आयबीडी फाइल म्हणजे एकामागे एक लावलेली हीच पेजेस. रेकॉर्ड पन्नास बाइटचा असला तरी तो वाचायला अख्खं पेज मेमरीत आणावं लागतं.

या पेजेसचं प्रायमरी कीच्या (प्रत्येक रेकॉर्डची वेगळी ओळख) क्रमाने एक बी-प्लस ट्री, म्हणजे थराथरांची झाडासारखी रचना बनते आणि त्याच्या सगळ्यात खालच्या थरात, लीफ पेजेसमध्ये, पूर्ण रेकॉर्ड असतात. म्हणजे टेबल हाच प्रायमरी इंडेक्स (इंडेक्स म्हणजे रेकॉर्ड पटकन शोधायची सूची). बाकीच्या इंडेक्समध्ये त्या-त्या कॉलमची व्हॅल्यू आणि सोबत प्रायमरी की, एवढंच. (म्हणूनच लांबलचक प्रायमरी की घेतली की सगळेच इंडेक्स फुगतात. याकडे फार कमी जण लक्ष देतात.)

डिलीट केल्यावर रेकॉर्डवर आधी नुसती खूण पडते, कारण चालू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र पार पडणाऱ्या कामांचा गट) तो जुना रेकॉर्ड अजून लागू शकतो. कोणालाच गरज उरली नाही की पर्ज थ्रेड (मागे सफाई करत राहणारा भाग) तो खरोखर काढतो. ती जागा त्याच पेजमध्ये मोकळी राहते. पेज निम्म्याहून कमी भरलेलं उरलं, तर इनोडीबी ते शेजारच्या पेजमध्ये मिसळून बघतं. पूर्ण रिकामं झालेलं पेज पुन्हा वापरता येतं, पण त्याच फाइलच्या आत. फाइल छाटून ऑपरेटिंग सिस्टीमला जागा परत मिळत नाही.

खरी गोम पुढे आहे. प्रायमरी की ऑटो-इन्क्रिमेंट (आपोआप वाढत जाणारा आकडा) असेल, तर नवे रेकॉर्ड नेहमी ट्रीच्या शेवटी जातात. मधूनमधून डिलीट केलं असेल, तर अर्धवट भरलेल्या जुन्या पेजेसमधली भोकं तशीच राहतात. शिवाय इन्फर्मेशन स्कीमातला (मायएसक्यूएल टेबलांची माहिती जिथे दाखवतं तिथला) 'डेटा फ्री'चा आकडा पूर्ण रिकाम्या एक्स्टेंटचाच असतो, त्यात ही भोकं दिसत नाहीत.

'ऑप्टिमाइझ टेबल' ही कमांड चालवलीत की सगळं टेबल नव्या फाइलमध्ये पुन्हा बांधलं जातं आणि जुनी फाइल उडते. मात्र दोन्ही फाइली काही वेळ एकत्र नांदतात, त्यामुळे डिस्क गच्च भरल्यावर हा उपाय सुचला तर उशीर झालेला असतो.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये पेज ८ केबीचं आणि टेबल बिनक्रमाचं, तरी दुखणं साधारण हेच. साधं व्हॅक्यूम (त्याची सफाईची कमांड) जागा पुन्हा वापरण्यायोग्य करतं. फाइल नव्याने लिहून लहान करायची तर व्हॅक्यूम फुल लागतं.

टेबल पुन्हा तेवढंच भरणार असेल तर मी म्हणेन, काहीच करू नका. पण दर महिन्याला जुना लॉग उडवायचा असेल, तर डिलीटच्या फंदात न पडता टेबलचे तारखेनुसार तुकडे, म्हणजे पार्टिशन करा. प्रत्येक पार्टिशनची फाइल वेगळी असते, त्यामुळे 'ड्रॉप पार्टिशन' केलं की जागा लगेच मोकळी.